बावीस महिन्यांच्या लेकीचे बोबडे बोल : सुधारायचे की ऐकत राहायचे?

एका बाबांनी विचारलं आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगी बावीस महिन्यांची. कावळ्याला ‘तावला’, गाडीला ‘दाडी’, रिक्षाला ‘इच्चा’ म्हणते. संध्याकाळी घरी आल्यावर तिची टकळी ऐकणं हा त्यांच्या दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ. तेही तिच्याशी तिच्याच भाषेत बोलतात, ‘तावला भुल्ल गेला’ वगैरे. त्यांच्या आईला हे पसंत नाही. ‘तुम्हीच असं बोललात तर पोर जन्मभर बोबडी राहील,’ असं त्यांचं म्हणणं, आणि नातीची चूक कानावर पडली की त्या तिथल्या तिथे सुधारतात. पत्नीने शब्दांची वही ठेवली आहे. दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशी हिंदी बोलतात. वरच्या मजल्यावरचा त्याच वयाचा मुलगा अख्खी वाक्यं बोलतो. मग चुका सुधारायच्या का? आणि पत्राच्या शेवटी ही ओळ : ‘आम्हाला तिच्या बोबडेपणाचं इतकं कौतुक वाटतं, यात आमचं काही चुकतंय का?’

मी वाचा-भाषा तज्ज्ञ आहे, म्हणजे ज्यांना सगळे स्पीच थेरपिस्ट म्हणतात त्यांपैकी. माझ्याकडे येणारे आईबाबा बहुतेक काळजीत असतात, त्यामुळे कौतुकाबद्दल विचारणारा बाप भेटला की बरं वाटतं.

शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण खरा प्रश्न तोच आहे. तिचं वयाप्रमाणे बरं चाललंय का, चुका सुधाराव्या का, आपण तिच्याशी कसं बोलावं, हे बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटातले. कौतुक वाटू द्या, भरपूर वाटू द्या. मूल बोलायला शिकतं त्यात घरच्यांच्या कौतुकाचा फार मोठा वाटा असतो. फक्त ते कौतुक तिला उत्तर देण्यात दिसावं, तिची नक्कल करण्यात नको. एवढं जमलं की आईंचंही बरोबर आणि तुमचंही बरोबर.

एक आधीच सांगून टाकते. मी मुलीला पाहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती ‘चप्पल आण’ म्हटलं की आणते, गॅलरीतून बोट दाखवून ‘तावला!’ ओरडते आणि तुम्ही बघताय ना याची मागे वळून खात्री करते. ‘बाबा दाडी’सारखे दोन शब्द जोडते. हे सगळं खरंच असं असेल तर पुढचं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं लागू. यातलं काही नसेल, किंवा होतं आणि आता राहिलं नसेल, तर उत्तर बदलतं. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

आता ‘तावला’कडे येऊ. ‘क’ आणि ‘ग’ म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलून टाळूच्या मऊ भागाला टेकवावा लागतो. ‘त’ आणि ‘द’चं काम जिभेच्या टोकावर, दातांपाशी होतं. टोक लवकर ताब्यात येतं, मागचा भाग उशिरा. शिवाय ‘क’ कसा निघतो ते समोरच्याच्या तोंडाकडे पाहून दिसतही नाही. म्हणून मूल ‘क’च्या जागी ‘त’ ठेवतं आणि ‘ग’च्या जागी ‘द’. पत्नीची वही उघडून बघा. काका ‘ताता’, केळं ‘तेलं’, गाडी ‘दाडी’, गाय ‘दाय’. अपवाद फारसे सापडायचे नाहीत. ‘घोडा’ बहुधा ‘दोडा’ असेल, कारण ‘घ’मधला हवेचा झोत अजून जमत नाही, त्याचा आधी ‘ग’ होतो आणि मग ‘ग’चा ठरल्याप्रमाणे ‘द’. ‘भात’चा ‘बात’ होतो तोही त्याच कारणाने. ‘चप्पल’चं ‘पप्पल’ होतं, कारण पुढे यायचा ‘प’ आधीच तोंडात हजर असतो. रिक्षातलं जोडाक्षर तर मोठ्यांचीही परीक्षा बघतं. तुमची लेक गबाळं बोलत नाहीये, ती अतिशय काटेकोरपणे नियम पाळतेय. फक्त तो नियम तिचा आहे.

हे आवाज ज्याच्या त्याच्या वेळेने जागेवर येतात. ‘क’ आणि ‘ग’ साधारण साडेतीन-चार वर्षांपर्यंत. ‘ण’ आणि ‘ळ’ त्यामागून. ‘र’ सगळ्यात हट्टी, पाच-सहा वर्षांपर्यंतही कच्चा राहू शकतो. बावीस महिन्यांच्या मुलीच्या ‘तावला’वर मी एक मिनिटही उपचार करणार नाही.

घरी एक गंमत करून बघा. ती कावळा दाखवून ‘तावला’ म्हणाली की गंभीर चेहऱ्याने विचारा, ‘तावला?’ बरीच मुलं चिडतात. काही जण मान हलवून पुन्हा ठासून सांगतात, ‘ता-व-ला!’ म्हणजे तुमचं चुकलं. मग तुम्ही ‘कावळा?’ म्हणा, की चेहरा खुलतो. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये अशाच एका मुलाची नोंद केली होती. तो आपल्या प्लॅस्टिकच्या माशाला ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचा, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलं की साफ नाकारायचा. कान पुढे गेलेला असतो आणि जीभ मागून येत असते. योग्य शब्द कोणता हे तिला माहीत आहे. तो तोंडातून अजून निघत नाही, इतकंच.

आता तुमच्या आईंच्या मुद्द्याकडे, कारण तो अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्याला मान द्यायला हवा. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने बोलतो. एक आहे घराघरांतून चालत आलेली बाळभाषा : भूभू, माऊ, हम्मा, मम्म, जोजो, भूर, बाऊ, पापा, शी. हे शब्द मुलांनी चुकून तयार केलेले नाहीत, मोठ्यांनीच मुलांसाठी घडवले आहेत. ओठांनी सहज होणारे आवाज, एकच अक्षर दोनदा, आणि बरेचदा त्या गोष्टीचाच आवाज. बोलायला लागणाऱ्या तोंडाला ते फार सोयीचे पडतात. आई स्वतःही नातीला ‘चल, जोजो करू या’ म्हणत असतीलच. ‘जोजो’ म्हणत मोठं झालेलं माणूस पुढे ‘झोप’ म्हणतंच. ही भाषा खुशाल वापरा, आणि सोबत खरा शब्दही येऊ द्या : ‘भूभू आला, कुत्रा आला.’

‘मम्म’वरून आठवलं. चार्ल्स डार्विनने आपल्या पहिल्या मुलाच्या वाढीच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि १८७७ मध्ये त्या एका नियतकालिकात छापल्या. त्यात तो लिहितो की बरोबर एक वर्षाचा असताना मुलाने खाण्यासाठी स्वतःच एक शब्द बनवला, ‘मम’. भूक लागली की रडण्याऐवजी तो ‘मम’ म्हणायचा. इंग्लंडातल्या त्या घरातली ही नोंद आपल्याकडच्या कुठल्याही आजीने वाचली तर तिला यात नवल काय तेच कळणार नाही. पण डार्विनसारखा माणूस पोराचं बोलणं इतक्या कौतुकाने टिपत बसला होता, हे तुमच्या पत्नीला जरूर सांगा.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलाचा स्वतःचा चुकलेला उच्चार : तावला, दाडी, इच्चा. आईंचा आक्षेप इथे लागू पडतो, पण त्यांच्या कारणाने नाही. तुम्ही चार वेळा ‘तावला’ म्हटलंत म्हणून ती जन्मभर बोबडी राहणार नाही. तोटा वेगळा आहे. ती आपला शब्द तुमच्या शब्दाशी सतत ताडून पाहत असते. ती ‘तावला’ म्हणते आणि तुम्हीही ‘तावला’ म्हणता तेव्हा ताडायला काही उरतच नाही, तिचाच शब्द तिला परत मिळतो. त्याऐवजी तुम्ही म्हणालात, ‘हो गं, कावळा! काळा कावळा. कुठे गेला कावळा?’ तर एका दमात पाच वेळा ‘क’ तिच्या कानावर पडला, आणि तोही तिला ज्यात रस आहे त्याच गोष्टीबद्दल, नेमक्या त्या क्षणी. कुठल्याही थेरपी रूममध्ये मी यापेक्षा फार वेगळं काही करत नाही.

सूर मात्र बदलू नका. लहान मुलाशी बोलताना आपला आवाज आपोआप चढतो, लांबतो, हेल काढतो : ‘अरेऽऽ, कोण आऽऽलं?’ काही शिकल्यासवरल्या आईबाबांना याची लाज वाटते आणि ते दोन वर्षांच्या मुलाशी मीटिंगमध्ये बोलावं तसं बोलतात. गरज नाही. त्या हेलामुळे मुलाचं लक्ष टिकतं, शब्द सुटे ऐकू येतात. लाड सुरात असू द्या, उच्चार तुमचा नेहमीचा ठेवा.

सुधारण्याबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या घरांतून एक प्रसंग इतक्यांदा घडतो की तोच लिहिते. मुलगा चटईवर बसलेला, समोर खोटी फळं. तो पिवळं केळं उचलतो, आजीपुढे धरतो आणि म्हणतो, ‘तेलं!’ आजी म्हणते, ‘तेलं नाही रे राजा, केळं म्हण. के… के… म्हण.’ मुलगा आजीच्या तोंडाकडे बघतो. एकदा ‘ते’ म्हणून पाहतो. ‘ते नाही, के!’ तो केळं खाली ठेवतो आणि चेंडूकडे सरकतो. केळ्याचं संभाषण संपलं. थोड्या वेळाने तेच केळं बाबांपुढे येतं, ‘तेलं!’ बाबा म्हणतात, ‘अरे वा, केळं! मला देतोस केळं? साल काढू या?’ मुलगा केळ्याला उलटसुलट करतो, खोटी साल ओढायला बघतो आणि म्हणतो, ‘ताल ताद.’ साल काढ. ‘क’ इथेही आला नाही, ‘स’चाही ‘त’ झाला. पण क्रियापद आलं, दोन शब्द जोडले गेले, आणि बाबांना हुकूमही सुटला. दोन वर्षांच्या आतबाहेर मला त्या एका ‘क’पेक्षा हे कितीतरी मोलाचं वाटतं.

आजींचा हेतू शंभर टक्के चांगला असतो. पण मुलाला निरोप असा पोचतो की तू काय सांगतोयस ते राहू दे, कसं सांगतोयस ते बघू. काही मुलं चिवट असतात, त्यांना फरक पडत नाही. काही जण बोलणंच आखडतं घेतात. तुमची लेक कुठल्या जातीची आहे ते तुम्हालाच ठाऊक. माझा अनुभव असा की आजींना ‘सुधारू नका’ सांगितलं तर राग येतो, पण ‘तुम्ही स्पष्ट बोलता ना, मग तिचा शब्द तुम्ही पूर्ण करून परत म्हणा’ सांगितलं तर त्या आपल्या सगळ्यांपेक्षा छान करतात. मनी येते, दूध पिते, पळून जाते, एवढ्यावर अर्धा तास गोष्ट सांगणं त्यांनाच जमतं.

‘बाबा दाडी’बद्दल थोडं थांबून लिहावंसं वाटतं, कारण हे उदाहरण सोन्यासारखं आहे. तिच्या नियमाने ‘गाडी’ची ‘दाडी’ होते. पण ‘दाढी’चीही ‘दाडी’च होते. तुम्हाला दाढी असेल तर हे दोन शब्द तिच्या तोंडी एकच. शिवाय ‘बाबा दाडी’ म्हणजे ‘बाबांची गाडी आली’, ‘बाबा, मला गाडी दे’, ‘बाबा गाडीतून गेले’ किंवा ‘बाबांची दाढी टोचते’, काहीही असू शकतं. बोट खिडकीकडे आहे की तुमच्या हनुवटीकडे, हात पुढे पसरलाय की गालावरून फिरतोय, यावरून तुम्ही ओळखता, आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखता. मग म्हणा, ‘हो, बाबांची गाडी खाली आहे.’ तिने दोन शब्द दिले, तुम्ही त्यात ‘ची’ घातलात, ‘खाली’ घातलंत, ‘आहे’ घातलंत. मराठीतले प्रत्यय मुलं अशीच वेचतात, कुणी वेगळे शिकवत नाही. ओळखायला चुकलात तर ती सांगेलच, गप्प बसायची नाही.

मी कौतुकाला इतकं महत्त्व का देते ते आता सांगता येईल. मूल आवाज काढतं, मोठं माणूस लगेच वळतं, हसतं, त्याच विषयावर काहीतरी बोलतं, मूल पुन्हा प्रयत्न करतं. हे चक्र दिवसातून शेकडो वेळा फिरतं. नुसतं बडबडणाऱ्या बाळांवरही असे प्रयोग झाले आहेत : बाळाने आवाज काढल्याबरोबर आई हसली, तिने हात लावला, तर बाळाची बडबड थोड्याच वेळात जास्त बोलण्यासारखी होते. तेच हसणं वेळी-अवेळी, बाळाच्या आवाजाशी संबंध न ठेवता मिळालं तर तसा परिणाम दिसत नाही. ज्याला मुलाच्या बोलण्याची मजा वाटते तो न सांगता वेळेवर वळतो, ज्याला ते काम वाटतं तो फोनमधून मान वर करायला दोन सेकंद उशीर करतो. घरी आल्यावर तिची टकळी ऐकण्यात तुमचा जो वेळ जातो तोच तिचा अभ्यास आहे, वेगळी कार्डं आणि तक्ते आणायची गरज नाही.

हे कौतुक बिघडतं कुठे, तर पाहुण्यांसमोर. ‘काकांना सांग बरं, कावळ्याला काय म्हणतात?’ ती ‘तावला’ म्हणते, सगळे खदखदून हसतात, कुणीतरी म्हणतं, ‘पुन्हा सांग, पुन्हा सांग, व्हिडिओ घेतो.’ तिथे कावळा नाही, तिला कावळ्याबद्दल काही सांगायचं नाही, तिच्याकडून फक्त चूक वदवून घ्यायची आहे. काही मुलांना टाळ्या आवडतात आणि ती शब्द जमायला लागल्यावरही मुद्दाम बोबडं बोलतात. काही मुलं भिंतीला चिकटतात. हे टाळा. तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवायला माझी काही हरकत नाही, उलट पुढे मागे तज्ज्ञाकडे जायची वेळ आली तर फार उपयोग होतो. पण ती तिच्या नादात असताना बाजूने घ्या, म्हणायला लावून नको.

वही चालू ठेवा. त्यात काय मोजायचं यावर घरात वाद होत असेल तर : एकाच गोष्टीसाठी ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा येत असेल तर तो शब्द. ‘तावला’ शब्द, ‘भूभू’ शब्द, ‘इच्चा’ शब्द. मावशींकडून आलेला ‘पानी’ही शब्द, आणि ‘पाणी’ वेगळं म्हणत असेल तर तोही. दोन भाषांतली बेरीज एकत्र करायची. दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं हे खरं नाही, तेव्हा मावशींना मोडकंतोडकं मराठी बोलायला लावू नका. त्यांनी त्यांच्या भरघोस हिंदीत तिच्याशी गप्पा माराव्यात. तुम्हीही प्लेस्कूलच्या धास्तीने तिच्याशी ‘लुक, क्रो’ सुरू करू नका. ज्या भाषेत तुम्हाला तीन वाक्यं सहज सुचतात त्या भाषेत बोला.

वरच्या मजल्यावरच्या मुलाचं काय? काही नाही. या वयात दोन निरोगी मुलांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. आईबाबा इंटरनेटवरचे तक्ते घेऊन येतात म्हणून सांगते. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये आपले टप्पे बदलले आणि किमान ७५ टक्के मुलं ज्या वयात एखादी गोष्ट करतात ते वय धरलं. त्यानुसार दीड वर्षाला आई-बाबा सोडून तीन-चार शब्द म्हणायचा प्रयत्न, दोन वर्षांना दोन शब्दांची जोडी, अडीच वर्षांना ५० च्या आसपास शब्द. पन्नास शब्दांचा टप्पा पूर्वी दोन वर्षांना धरत, आणि आमच्यातले बरेच जण अजूनही दोन वर्षांनाच धरतात, कारण उशिरा कळण्यापेक्षा लवकर कळलेलं बरं. दोन शब्दांच्या जोडीच्या मापात तुमची मुलगी आत्ताच बसते आहे. परक्या माणसाला तिचं निम्मंच बोलणं कळलं तरी दोन वर्षांना चालतं. तीनला साधारण पाऊण कळावं, चारला जवळजवळ सगळं.

आता ज्यांची मुलं अशी बोलत नाहीत आणि जे हे वाचत असतील त्यांच्यासाठी. उच्चारांकडे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते की मुलाला बोललेलं कळतं का, खुणेशिवाय सांगितलेलं साधं काम करतं का. नावाने हाक मारली तर वळतं का. हवी ती वस्तू दाखवायलाच नव्हे, तर ‘बघ, बघ’ म्हणून नुसती मजा वाटून घ्यायलाही बोट करतं का. दीड वर्षापर्यंत बोट दाखवणं आलं नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडले जात नसतील, किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द गेले असतील तर थांबू नका. आलेले शब्द जाणं हे तर त्याच आठवड्यात दाखवायचं कारण आहे. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बाप चौथ्या वर्षी बोलला’ ही वाक्यं मी रोज ऐकते. मुली सरासरीने थोड्या लवकर बोलतात हे खरं, आणि उशिरा बोलणाऱ्यांपैकी बरीच मुलं आपली आपण गाठतात हेही खरं. पण आपलं मूल त्यातलं आहे की नाही हे घरी बसून कळत नाही.

पहिली तपासणी कानाची. जन्मतः झालेली चाचणी पास असली तरीही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही, ताप येत नाही, आणि महिनोन् महिने सगळं कानात बोळा घातल्यासारखं ऐकू येतं. दार वाजलं की वळतो म्हणून ऐकू येतं असं धरू नका, ‘स’ आणि ‘त’मधला फरक ऐकू येणं ही वेगळी गोष्ट आहे. ओएई आणि गरज पडली तर बेरा या ऐकण्याच्या चाचण्या न दुखवता होतात, बेरा बहुधा मूल झोपलेलं असताना करतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं उभी राहिली आणि तिथे तपासणी मोफत होते. खासगी ठिकाणी गेलात तर तिथल्या तज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. विचारलेलं कुणाला लागत नाही, लागू नयेच.

घरगुती उपायांवर थोडक्यात. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावतात, त्याने शब्द फुटत नाहीत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात द्यायचा नाही, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. पोपटाने उष्टावलेला पेरूही ऐकला आहे, तो निदान गोड असतो, पण धुऊन, साल काढूनसुद्धा देऊ नये. जीभ खाली चिकटलेली असल्याने मूल बोलतच नाही असं सहसा नसतं. चिकटलेल्या जिभेचा त्रास झाला तर दूध ओढण्यात किंवा काही मोजक्या उच्चारांत होतो. म्हणून उशिरा बोलण्यावर ‘जिभेचा धागा कापून टाका’ हा उपाय कुणी सुचवला तर आधी दुसरं मत घ्या. मोबाईलबद्दल भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे : दोन वर्षांच्या आत नाही. परगावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल, ते निदान उत्तर देतात.

तुम्ही घरी काय करायचं? जे करताय तेच, दोन फरकांनी. एक, ‘तावला’ तिचा राहू द्या, तुम्ही ‘कावळा’ म्हणा. दोन, प्रश्न कमी करा आणि थांबायला शिका. ‘हे काय? ते काय? त्याचा रंग कुठला?’ ही तोंडी परीक्षा झाली. ‘अगं, भाजीत टोमॅटो पडला’ म्हणा आणि गप्प राहून तिच्याकडे बघा. मनात सात-आठ आकडे मोजा. मोठ्या माणसाला ही शांतता असह्य होते, मुलाला तेवढा वेळ लागतोच. जेवताना ‘भात हवा की पोळी?’ असा पर्याय द्या, ‘बात’ आला की भात वाढा.

पुढच्या वर्षभरात काही नवी प्रकरणं येतील, ती आजच सांगून ठेवते, म्हणजे घरात पुन्हा सभा भरायला नको. ‘मी करलं’, ‘बाबा येला’ सुरू होईल. आज ती ‘केलं’ आणि ‘आला’ बरोबर म्हणत असली तरीही होईल. ‘धरलं’, ‘भरलं’, ‘नेला’ ऐकून तिने नियम काढलेला असतो आणि ‘करणं’, ‘येणं’ यांनी तो पाळलेला नसतो. हे मागे जाणं नव्हे. मुलगे दिवसभर आईजवळ असले की ‘मी जाते’ म्हणतात, थोरल्या भावामागे फिरणाऱ्या मुली ‘मी जातो’. त्यावरून घाबरून आलेले आईबाबा मी पाहिले आहेत. कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, तिथे हा प्रश्न घेऊन कुणी येत नाही. आणि अडीच-तीनच्या सुमारास ‘मी मी मी मला ना’ असं अडखळणं येऊ शकतं, कारण सांगायचं खूप असतं आणि वाक्य जुळवायला वेळ लागतो. ‘नीट बोल’, ‘दम घे’ म्हणू नका, ऐकत राहा. सहा महिन्यांहून जास्त टिकलं, किंवा बोलताना चेहरा आवळला जायला लागला, तर दाखवा.

‘क’ एक दिवस येईलच. आल्यावर काही मुलं नवा आवाज जरा जास्तच वापरतात, म्हणजे ‘कावळा’ बरोबर येईल पण ताटाचं ‘काट’ होईल आणि ताकाचं ‘काक’. तेव्हाही तुम्ही ‘ताट’च म्हणायचं, ‘ताक’च म्हणायचं, आणि मागितलं तेवढं वाढायचं.